स्थानिक बाजार, पण मालक कोण?
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'जागतिकीकरणाला पर्याय : स्थानिक अर्थव्यवस्था' हा विषय आम्हाला दिला गेला. तो ऐकूनच मनात एक शंका आली. 1991 साली नवे आर्थिक धोरण आले, तेव्हापासून पुष्कळ विद्वान सांगतात की गावचे गावातच पिकवा, गावातच खपवा, जुनी स्वयंपूर्ण खेडी परत आणा. छान! पण त्या खेड्यात आपण कुठे होतो? वेशीबाहेर. मेलेली ढोरे ओढायला आणि बलुत्याची शिळी भाकर मागायला. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाविषयी बिल मांडले ते त्यासाठीच, आणि ती वतने जायला 1958 चा कायदा यावा लागला. म्हणून 'स्थानिक' म्हटले की आपण आधी विचारायचे, मालक कोण?

म्हणून जागतिकीकरण आपले सोयरे झाले असेही नाही. सफाईपासून शिपायापर्यंत कंत्राटदार आला, आणि कंत्राटात राखीव जागा कुठल्या? आपल्या मांजरीचेच बघा ना. शेजारच्या सिरमची लस 2021 साली देशोदेशी गेली, त्याचा अभिमान आहेच. त्याच साली मांजरी बुद्रुक महापालिकेत गेले. वावरांचे प्लॉट त्याआधीपासूनच पडत होते. जमीनवाल्याला पैसा मिळाला. त्या वावरांत खुरपायला जाणाऱ्या आपल्या आयाबाया आता तिथल्याच सोसायट्यांत धुणीभांडी करतात.

मग पर्याय? तो पुण्यातच आहे. 1993 साली कचरा वेचणाऱ्या बाया 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती'त एकत्र आल्या. त्यात बहुतेक दलित समाजातल्या. आधी कुंडीत हात घालायचा आणि भंगारवाला देईल तो भाव घ्यायचा. 2008 साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला. घरोघरून कचरा आणि ठरलेली फी घ्यायची, भंगाराचे पैसेही आपलेच. मालकीण तीच, कामकरीणही तीच! तरी एक सल लपवत नाही. सहकार झाला, पण काम कचऱ्याचेच राहिले. तिच्या लेकीने हा वारसा चालवू नये, एवढी कमाई त्यातून सुटली पाहिजे.

भगवंतांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला कमावण्याबरोबर कमावलेले राखायलाही सांगितले. आपण राखतो का? जयंतीचा डीजे, मंडप, जेवण, सगळा पैसा एका रात्रीत वस्तीबाहेर. उपबाजारातून भाजी आणून विकणाऱ्या मावशीशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देतो.

म्हणून कमिटीकडे एकच मागणे. येत्या 14 एप्रिलचे जेवण बाहेरच्या केटररला न देता वस्तीतल्या बचत गटाच्या बायांना द्यावे. तेही रोख मजुरी देऊन, श्रमदान म्हणून फुकटात नव्हे. हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहावा. आणि हे आजच ठरवावे, पुढारी मंडळी उठून जायच्या आत.

जय भीम! नमो बुद्धाय!