पंप, औषध आणि नागपूरचा उन्हाळा



स्वागताध्यक्षानं जेवणाची वेळ सांगून खाली बसावं, असा संकेत आहे. जेवण एक वाजता. आता माईक हातात आहेच, तर थोडं बोलून घेतो.

सिस्टिक फायब्रोसिस या आजारात फुप्फुसातल्या चिकट कफात स्यूडोमोनास हा जिवाणू एकदा ठाण मांडून बसला की हलत नाही. सेफ्टाझिडीम, मेरोपेनेम यांसारखी औषधं रक्तात एकदम उंच चढून भागत नाही. ती पुरेशा पातळीवर जास्तीत जास्त वेळ टिकावी लागतात. त्यात हा आजार असलेल्या मुलांचं शरीर औषध भराभर बाहेर टाकतं. दर आठ तासांनी डोस दिला, तरी पुढचा डोस येईपर्यंत जिवाणूला मोकळं रान मिळू शकतं. म्हणून पंपानं चोवीस तास सलग धारेनं औषध देण्याचा विचार पुढे आला. (टोब्रामायसिन या दुसऱ्या औषधाचं गणित नेमकं उलटं, ते दिवसातून एकदाच द्यावं.)

सेफ्टाझिडीमच्या सलग धारेवरचा फ्रान्समधला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. श्वासाच्या क्षमतेत एकंदरीत ठळक फरक दिसला नाही. पण ज्या रुग्णांचे जिवाणू औषधाला दाद देत नव्हते, त्यांना धारेचा फायदा जास्त झाला. पुढच्या कोर्सपर्यंतचं अंतरही वाढलं. हुरळून जाण्याइतकं हे नाही, पण बाजूला सारण्याजोगंही नाही.

माझी शंका उन्हाळ्याची आहे. मेरोपेनेमचं द्रावण साध्या खोलीतही काही तासांत कमजोर होतं. सेफ्टाझिडीम उष्णतेनं विघटित होताना पिरिडीन सुटतं, आणि ते विषारी. परदेशात लोक पंप कमरेला लावून कामावर जातात. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. शर्टाखालच्या पंपातलं औषध संध्याकाळपर्यंत औषध राहील का? हे आम्हा डॉक्टरांपेक्षा फार्मासिस्ट नीट सांगतील. म्हणून त्यांचं सत्र जेवणानंतरच्या डुलक्यांच्या वेळी न ठेवता उद्या सकाळी पहिलंच ठेवलं आहे.

एकमेकांचे जिवाणू लागू नयेत म्हणून मुलांना इथे बोलावलेलं नाही. ती घरूनच ऑनलाइन ऐकताहेत. प्रत्येक सत्रात पहिला प्रश्न त्यांचा घ्यायचा, तेवढं सूत्रसंचालकांनी लक्षात ठेवावं. आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.