आजारी मूल आणि शाळेची हजेरी
(न्यासाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचा गौरव करावा असा रिवाज आहे, आणि आमच्या आधीच्या वक्त्यांनी तो उत्तम प्रकारे पाळला आहे. आम्ही पडलो शिक्षक. तेव्हा रोज सकाळी वर्गाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलण्याची परवानगी घेतो. मुलाचे अंग गरम लागते आहे; त्याला आज शाळेत धाडावे की घरी ठेवावे?

आईला आठ वाजता कामावर जायचे असते. गेली नाही तर खाडा पडतो. घरी दुसरे कोणी नसते. मग तापाची गोळी देऊन मूल शाळेत पाठवले जाते. पहिले दोन तास बरे जातात. मधल्या सुटीच्या सुमारास गोळीचा अंमल ओसरू लागतो आणि मूल बाकावर मान टाकते. तोवर ते शेजारच्या मुलांजवळ खोकलेले असते, एकाच बाटलीतून पाणी प्यालेले असते. या आईला दोष देण्यासाठी आम्ही उभे नाही. तिच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेवली आहे, हे आधी पाहावे लागेल.

प्रथम ज्ञानाची बाजू. हात लावून ताप ठरवू नये, थर्मामीटर ठेवावा. पारा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर असेल, तर मूल घरीच राहावे; आणि गोळी न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, म्हणजे पाठवावे. उलटी-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस थांबावे. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस आणि गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस शाळा नको. उलट, नुसते नाक गळते आहे, ताप नाही, मूल खाते-खेळते आहे, तर खुशाल पाठवा. डोक्यात उवा झाल्या म्हणूनही शाळा बुडवण्याचे कारण नाही. त्या संध्याकाळी काढता येतात. आणि जी पोटदुखी फक्त गणिताच्या चाचणीला येते, ती आमच्याकडे पाठवा. तिचे औषध आमच्यापाशी आहे!

गोवराचे थोडे निराळे आहे. तो पुरळ उठण्यापूर्वी चार दिवसांपासूनच पसरू लागतो. त्या वेळी दिसतो तो केवळ ताप, खोकला, लाल डोळे. म्हणजे आजाराचे नाव कळेपर्यंत काम होऊन गेलेले असते. म्हणून नुसत्या तापालाही मान द्यायचा. गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. त्याआधीचे पाळण्यातले भावंड उघडेच असते, आणि शाळेतून आलेला भाऊ आधी त्याचाच मुका घेतो. २०२२ साली मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत आणि मालेगावात गोवराने काय केले, ते आपण वाचले आहे. फार लांब कशाला, आपल्याच मध्य प्रदेशात मैहर जिल्ह्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये या रोगाने मुले दगावली आणि काही गावांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आपल्या भोपाळात आणखी एक गोष्ट आहे. जुन्या शहरात अशी कितीतरी घरे आहेत, जिथे दादी किंवा नाना यांची फुप्फुसे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायूने कायमची अधू केली. मुलाला जो खोकला चार दिवसांत सोडतो, तोच त्यांना रुग्णालयात नेऊ शकतो. वर्गात एक आजारी मूल बसते तेव्हा अशा किती घरांची दारे उघडतात, याचा हिशेब कोणत्याही हजेरीपटावर नसतो.

आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांत आणू नयेत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. उंटांची जी काळजी वाळवंटात घेतली जात असे, ती मुलांची घ्यायला आपल्याला जड का जावे? याचे एक उत्तर, क्षमा असावी, आपल्या न्यासापाशीच आहे. आपण दर वर्षी संपूर्ण हजेरीचे बक्षीस देतो. त्यामागचा हेतू थोर होता. मुले, त्यातही मुली, शाळेत टिकाव्यात म्हणून ते सुरू झाले. परंतु आता एक दिवस बुडू नये म्हणून मुले तापात येतात, आणि आईबाप कौतुकाने सांगतात, “अंगात ताप होता, तरी गेला!” आमचे मागणे एवढेच, की पालकाची चिठ्ठी असलेला आजारपणाचा दिवस या बक्षिसाच्या हिशेबात गैरहजेरी धरू नये. बक्षीस राहू द्यावे; फक्त त्यातून ताप वगळावा.

दुसरे मागणे त्या आठ वाजता निघणाऱ्या आईसाठी आहे. आपल्या सभासद कुटुंबांत निवृत्त बंधू आहेत, ज्यांचा दिवस मोकळा असतो अशा भगिनी आहेत. मोहल्ल्यातले ओळखीचे मूल तापाने घरी असेल, तर दुपारपर्यंत त्याच्यापाशी बसावे, पेज किंवा खिचडी भरवावी, पारा पाहावा, वाढला तर आईला कळवावे. स्वतःची छाती अधू असलेल्यांनी मात्र हे काम घेऊ नये. यासाठी इमारत नको, निधी नको. मोहल्ल्यावार नावे आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली एक वही पुरे. अशी एक कोरी वही आम्ही सोबत आणली आहे. सभा संपल्यावर ती दाराजवळच्या मेजावर ठेवलेली असेल. पहिल्या पानावर आमच्या घरची दोन नावे लिहिली आहेत.