चित्र पोरीचं, पैसे कुणाचे?

आम्ही नृसिंहवाडीच्या एका बचत गटातल्या बारा जणी. रेडिओवर बोलायचं म्हटल्यावर एकटीनं बोलायला कुणीच तयार होईना. मग सगळ्यांनी बसून लिहून काढलं आणि आता आमच्यातली एक वाचतेय. तेव्हा 'आम्ही' म्हटलं की बाराही जणी आल्या, आपापल्या भांडणांसकट.

वाडी तुम्हाला ठाऊकच आहे. दत्त महाराजांच्या पादुका, कृष्णा-पंचगंगेचा संगम, बासुंदी, कवठाची बर्फी. पण आज देवळाचं बोलणार नाही. देवळापासून थोडं आत, एका घराच्या परसात एक खोली आहे. पोरं तिला चित्रखोली म्हणतात. तिचं सांगणार आहोत, आणि तिथं आमच्या हातून काय चुकलं तेही.

सुरुवात अशी झाली. गावात चित्रकलेचे एक निवृत्त सर आहेत. त्यांच्या ओसरीवर सुट्टीत पाच-सात पोरं चित्रं काढायला बसायची. एकदा सर आम्हाला म्हणाले, "शिकवायचे पैसे मला नकोत. पण ओलं चित्र ठेवायला जागा द्या." आम्हाला आधी कळलंच नाही. मग आपापलं घर डोळ्यांपुढं आणलं. दीड-दोन खोल्यांत सहा माणसं. पोरानं रंगवलेला कागद वाळत ठेवला की त्यावरून कुणी चालतं, कुणी त्यावर ताट ठेवतं, संध्याकाळी तो गुंडाळून कपाटामागं जातो. अर्धं राहिलेलं चित्र दुसऱ्या दिवशी तसंच्या तसं सापडलं, तरच ते पुरं होतं. शहरात चित्रकार स्टुडिओ म्हणतात तो काय, तर एवढंच: अर्धं काम जिथं कुणी हलवत नाही अशी जागा. आमच्यातल्या एकीच्या परसातली जळणाची खोली रिकामी केली. प्रत्येकीनं महिन्याला वीस रुपये काढायचे ठरलं. कागद, रंग, वीज त्यातून. सतरंज्या घरच्याच.

आता वाडीत खोली म्हटल्यावर पूर आलाच. ऑगस्ट 2019 मध्ये गाव पाण्यात गेलं तेव्हा आम्ही पोरंबाळं, गुरं घेऊन बाहेर पडलो. चित्रांची आठवण कुणाला राहणार? परत आलो तेव्हा खोलीत चिखल होता आणि कागदांचा लगदा. एका पोरानं पाणी चढलं होतं तिथं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा दुसरी रेघ मारली. त्यानंतर आम्ही शहाण्या झालो. मृग लागला की सगळी चित्रं झाकणाच्या निळ्या प्लास्टिक ड्रममध्ये भरून एका दुमजली घराच्या माळ्यावर जातात. दक्षिणद्वार सोहळ्याला पाणी पादुकांवरून वाहू लागलं की आपण स्नानाला धावतो, पण तोवर ड्रम वर पोचलेले असतात.

पोरांना बाहेर न्यायचं हेही सरांचंच डोकं. आपल्याच तालुक्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात वर्षातून एकदा नेतो. स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब, आणि वर छताला मधोमध गोल आभाळ मोकळं. तिथं दुपारभर बसून एक खांब जरी नीट काढला तरी सर खूश. कोल्हापुरात रंगबहार नावाची चित्रकार मंडळींची संस्था आहे. टाऊन हॉलच्या बागेत त्यांची 'मैफल रंगसुरांची' भरते. एकीकडं गाणं चाललेलं असतं आणि चित्रकार, शिल्पकार लोकांसमोर बसून काम करत असतात. कुणीही जावं, मागं उभं राहून बघावं. मोठा माणूस चुकतो, पुसतो, पुन्हा काढतो, हे पोरांनी तिथं पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन सगळ्यांनी खोडरबराची भीती सोडली.

आणि मार्कांचंही सांगतो, कारण आयांना तेच आधी विचारायचं असतं. शासनाच्या रेखाकला परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण जादा, बी ला 5, सी ला 3. शाळेतून अर्ज वेळेत भरला का, एवढं बघा. पुष्कळ पोरांचं तिथंच राहून जातं.

आता चुकलेलं.

चार पैसे उभे राहावेत म्हणून आम्ही दत्त जयंतीला टेबल मांडलं. पोरांनी हाताएवढ्या पुठ्ठ्यावर घाट, औदुंबर, नावा, पलीकडचा औरवाडचा काठ असं रंगवलं होतं. यात्रेकरूंनी हातोहात नेलं. दुपारपर्यंत टेबल मोकळं. त्या पैशातून खोलीचे पत्रे बदलले, विजेचं बिल भरलं. आम्हाला केवढा आनंद! पोरांना काय दिलं? प्रत्येकाला एक वडापाव आणि शाबासकी.

त्यातली जवळजवळ चाळीस चित्रं एकाच पोरीची होती. तेव्हा नववीत होती. हात असा की सरसुद्धा गप्प बसून बघायचे. तिच्या वडिलांनी तिला विचारलं, तुला किती मिळाले? तिच्याकडं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती खोलीवर आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मावशी, चित्र माझं होतं, तर पैसे कुणाचे?" आमच्याकडंही उत्तर नव्हतं. त्यानंतर दोन महिने ती आलीच नाही. वडिलांनी बंद केलं.

त्यावर आमच्यात जुंपली. निम्म्या जणी म्हणाल्या, कागद आमचा, रंग आमचे, खोली आमची, शिकवलं फुकट, आणि वर पैसे मागतात? पोरांना आत्तापासून पैशाची चटक कशाला? यातही तथ्य आहे, आम्ही ते उडवून लावत नाही. पण आमच्यातली एक थोरली बाई हळूच म्हणाली, "फुलवाती आठवा गं." झालं, सगळ्या गप्प. गट व्हायच्या आधी आम्ही बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यासाठी वाती वळायचो. कापूस त्याचा, पाकीट त्याचं, नाव त्याचं. आमच्या हाताला शेकड्यावर चिल्लर. त्याच्या नावानं किती बोटं मोडली असतील! आणि आता आम्ही नेमकं त्याच्याच जागी बसलो होतो, फक्त शाबासकी जास्त देत होतो.

त्याच उन्हाळ्यात आमची कोकणची सहल ठरली होती. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथून पिंगुळीला राऊळ महाराजांचा मठ. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा बघितल्या. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावताराच्या गंजिफेत 120 पत्ते, एकेका अवताराचे बारा. नृसिंहाचा पत्ता दिसल्यावर आमच्या दोघींनी तिथल्या तिथं हात जोडले. ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराला ती येत होती. 1970 नंतरच्या वर्षांत शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले या राजा-राणीनं स्वतः त्यांच्यापुढं बसून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. तिथं कारागीर मांडी घालून पत्ते रंगवत बसलेले दिसतात. राजवाड्याचा एक भाग कामाला दिला, हे आम्हाला आवडलं. आमची जळणाची खोली काही फार वेगळी नाही, असं उगीच वाटून गेलं.

पिंगुळीला मात्र आम्ही मठापेक्षा जास्त वेळ दुसरीकडंच रमलो. तिथं परशुराम गंगावणे यांनी 2006 साली आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. विश्राम हे त्यांच्या वडिलांचं नाव, म्हणून संस्थेचं नाव विश्राम ठाकर आदिवासी कला आंगण. ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या असं सगळं तिथं जपलंय. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या कथेच्या चित्रांची पोथी. एकेक चित्र पुढं करायचं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं कथा गाऊन सांगायची. गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री जाहीर झाली. पण त्याआधी कैक वर्षं हे काम कुणी बघत नसताना चाललं होतं. समाजातली तरुण पोरं म्हणायची, दारोदार फिरून मागायची ही कला, ती कशाला शिकायची? घरचीच पुढची पिढी बाहुल्या हातात घेऊन उभी राहिली आणि बघायला येणाऱ्यांकडून त्यावर चार पैसे मिळू लागले, तेव्हा ती टिकली. नुसत्या मानानं पोट भरत नाही, हे सांगायला आम्ही कशाला हव्या, तुम्ही सगळ्या घर चालवताच.

तिथं एक गोष्ट कानावर पडली ती मनात रुतली. जुनी झालेली, फाटलेली चित्रं पूर्वी देवाच्या मूर्तीसारखी पाण्यात सोडायची रीत होती. आमचीही चित्रं नदीनंच नेली होती. दुसरं असं, की त्या जुन्या चित्रांवर काढणाऱ्याचं नाव नाही. केवढ्या ताकदीचे हात, आणि कुणाचे ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या कोल्हापुराकडं बघा. आबालाल रहिमान यांचं नाव राहिलं, कारण त्यांच्या पाठीशी शाहू महाराज होते. बाबूराव मेस्त्रींना तर लोक पेंटरच म्हणू लागले आणि तेच नाव पुढं सिनेमात गेलं. नाव राहायला पाठीशी कुणीतरी लागतं. परतताना फोंडा घाट चढेपर्यंत गाडीत हीच चर्चा. आम्ही विकलेल्या चाळीस चित्रांच्या मागं काय लिहिलं होतं? गटाचा शिक्का!

घरी आल्यावर बैठक घेतली. तुमच्या गावात असं काही असेल तर उपयोगी पडेल म्हणून काय ठरलं ते सांगतो. शंभर रुपयांचं चित्र विकलं तर साठ काढणाऱ्याचे, पंचवीस सामानाचे, पंधरा खोलीचे. चित्राच्या मागं पोराचं नाव, गटाचं नाव खाली बारीक. विकायचं की नाही हे पोरानं ठरवायचं, आणि एखादं ठेवून घ्यायचं म्हटलं तर आग्रह करायचा नाही. शाळेतल्या पोरांकडून ऑर्डरचं काम करून घ्यायचं नाही. एका दुकानदारानं दोनशे नग मागितले होते, त्याला नाही म्हणालो. दहावीच्या पोरांना तर फेब्रुवारीत खोलीचं दारच बंद. पैसे आईच्या किंवा बापाच्या सहीनं द्यायचे आणि वही कुणालाही बघायला मोकळी ठेवायची.

दुसरं, बचतीचे पैसे आणि चित्रखोलीचे पैसे एका डब्यात ठेवू नका. बचत ही बायांच्या घामाची, तिच्यावर कर्ज द्यायचं असतं. देणगी वेगळी. यात्रेत एकानं पाचशे रुपये दिले, पावती मागितली, आणि आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. संस्था नोंदवायची तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. काम सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. आमचे कागद आत्ता कुठं तयार होतायत. नोंदणी म्हणजे दरवर्षी हिशेब तपासून द्यायचा, ही कटकट कायमची. ती झेपणार असेल तरच त्या वाटेला जा. दहा पोरं आणि एक सतरंजी असेल तर एक चांगली वही पुरते.

मागचे पैसे द्यायचे का, यावर दोन बैठका गेल्या. पत्र्याचे पैसे पत्र्यात गेले होते, आणायचे कुठून? शेवटी प्रत्येकीनं तीन महिने वीसऐवजी पन्नास काढले. एकीनं अजून दिलेले नाहीत. ती हे ऐकत असेल, पण तिचं म्हणणंही आम्ही वहीत लिहून ठेवलंय.

त्या पोरीच्या घरी आम्ही चौघी गेलो. चहा झाला. वडिलांनी पाकीट घेतलं नाही, आधी वही मागितली. पानं उलटून सगळा हिशेब बोटानं मोजला, मग सही केली. पोर दुसऱ्या दिवशी खोलीवर हजर. इंटरमिजिएटला तिला ए श्रेणी मिळाली. यंदा दहावी झाली, आणि आता तिला कोल्हापूरला चित्रकला शिकायला जायचंय. तिथं कलानिकेतन आहे, दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून सर तिला आणि तिच्या आईला घेऊन स्वतः चौकशी करून आले. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. रोजची एस.टी., संध्याकाळचा उशीर, आणि पुढं नोकरी काय, हे त्यांचे प्रश्न. तिसऱ्याचं उत्तर आम्हालाही छातीठोक देता येत नाही. पहिल्या दोनांसाठी मात्र गटातल्या एकीची बहीण कोल्हापुरात राहते, तिच्याकडं सोय होतेय का ते बघतोय.

मृग तोंडावर आलाय. या रविवारी ड्रम भरायचे आहेत. त्या पोरीनं तिची सगळी चित्रं आणून दिलीत आणि प्रत्येकावर मागं नाही, पुढंच, घाटाच्या पायऱ्यांवर भल्यामोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव घातलंय. सर म्हणाले, चित्र बिघडलं. ती म्हणाली, असू दे.