एका नकारासाठी थांबणारी सभा

अध्यक्षीय भाषणात सामोपचाराची अपेक्षा असते. मूल शहरातल्या या साहित्य संमेलनाच्या मंडपात ती पूर्ण होणार नाही. भांडण दोघांशी आहे. तत्त्वज्ञान म्हणजे पदवीचा पेपर किंवा उतारवयातले पारायण, असे मानणारे एक. राजकारण म्हणजे डोकी मोजणे, असे मानणारे दुसरे. पहिल्यांनी मैदान सोडले म्हणूनच दुसऱ्यांना ते मोकळे मिळाले.

माणसांनी एकत्र कसे राहायचे, निर्णय कोणी घ्यायचा, ज्याला पटत नाही त्याचे काय करायचे, हे तत्त्वज्ञानातले सर्वांत जुने प्रश्न. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातल्या, माणसाला त्यांच्यासाठी अथेन्सपर्यंत जावे लागत नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले की मेंढा (लेखा) येते. जेमतेम पाचशे वस्तीचे गोंडांचे गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्याची घोषणा. तिचे कौतुक उदंड झाले. पण कौतुक करणाऱ्यांनी तिच्यामागची पद्धत मात्र स्वतःच्या घरात, पक्षात, संस्थेत कधी येऊ दिली नाही.

पद्धत अशी. मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. मधल्या काळात अभ्यास गट बसतो. तिथे कोणीही यावे, बाहेरचा जाणकार बोलवावा, कायद्याचा कागद वाचावा, मनसोक्त वाद घालावा; निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. तो फक्त ग्रामसभेचा. गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत ही घडी बसवली. मोहनभाऊ जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून आलेले आणि विनोबांचा विचार पचवलेले. अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत हाच या गावाचा खरा शोध आहे. मंत्रालयात तर पुष्कळदा आधी निर्णय होतो आणि त्याच्या समर्थनासाठी समिती मागाहून नेमली जाते.

आणि हे भाबडे स्वप्न नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला होता, तरी तो बाहेर नेण्याचा परवाना वनखाते देईना. गाव मागे हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना मेंढ्यात यावे लागले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेले. पुढे २०१३ मध्ये १९६४ च्या ग्रामदान कायद्यानुसार गावाने आपल्या शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेला दिली.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर असाच हक्क मिळवला. मग तेंदूपत्त्याचे रोख उत्पन्न सोडून दिले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लागतात. हाताशी आलेला पैसा नाकारण्यापूर्वी त्या गावाने जो विचार केला असेल, तो आपल्या विद्यापीठांतल्या नीतिशास्त्राच्या तासाला शिकवायला हवा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. एका माणसाला सगळे अडवता आले तर राज्य बुडते. पोलंडच्या संसदेत तसेच घडले. तिथे कुठल्याही एका सदस्याला नकाराधिकार होता. १६५२ पासून तो वापरून सभाच मोडल्या जाऊ लागल्या. शेजारी राजांनी सदस्य विकत घेतले. १७९१ च्या संविधानाने तो अधिकार काढला तेव्हा फार उशीर झाला होता आणि १७९५ पर्यंत देश नकाशावरून पुसला गेला. पण तिथला सदस्य नकार देऊन निघून जाऊ शकत होता. मेंढ्यात नकार देणाऱ्याला पुढच्या सभेलाही बसावे लागते, कारण देणे भाग पडते, आणि ज्यांना तो अडवतो त्यांच्याच शेजारी त्याचे घर असते. अभ्यासाशिवायचा नकार घातक, हे मान्य. मग अभ्यासाशिवायचे बहुमत कोणत्या न्यायाने पवित्र ठरते?

निर्णय लोकांच्या हाती नसला की काय होते, ते दारूबंदीत पाहा. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार संघटनेच्या नेतृत्वाखाली बाया चिमूरहून विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनापर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी आली, २०२१ मध्ये उठली. आणली मंत्रिमंडळाने, उठवलीही मंत्रिमंडळानेच. बंदीच्या बाजूच्या माणसांनाही हे ऐकावे लागेल: मुंबईत बांधलेली गाठ मुंबईतच सुटते. चालून चालून ज्यांचे पाय सुजले त्यांच्या हाती या निर्णयाची दोरी एकदाही आली नाही.

खाणींचेही तेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी २०२२ मध्ये झाली, तीही खाणीच्या एटापल्ली तालुक्यात नव्हे तर जिल्ह्याच्या ठिकाणी. ज्याच्या डोंगरावर यंत्रे चालणार त्याने भाडे खर्चून जायचे आणि वेळ मिळाला तर बोलायचे. ओडिशात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. फरक एवढाच आहे: विचारले तर उत्तर मिळते.

आता साहित्यिकांकडे. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता या भागात घरोघरी आहे, तिचे वाचन भक्तीने होते. गाव कसे चालवावे याचा तो ग्रंथ. पण तिच्यासमोर हात जोडणाऱ्या किती जणांना गेल्या ग्रामसभेत कोणता विषय होता हे सांगता येईल? मूल शहराची गोष्ट तर वेगळीच. इथे नगरपरिषद, ग्रामसभाच नाही. खेड्यातला माणूस शहरात राहायला आला की त्याचा हा हक्क संपतो, आणि याबद्दल आपल्या एकाही लेखकाला राग येत नाही.

याच तालुक्यात मोहा वेचायला, तेंदू तोडायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात. त्यावर कविता झाल्या, अश्रू ढाळले गेले, मदतीचे धनादेश दिले गेले. कोणत्या दिवसांत कोणत्या जंगलात जायचे, सरपणाला पर्याय काय, वाघ पकडायचा की नाही, यावर जंगलालगतच्या बाया, वनरक्षक, शिक्षक आणि वन्यजीव अभ्यासक एकत्र बसलेला, निर्णय न घेता फक्त समजून घेणारा अभ्यास गट मूलमध्ये सुरू व्हावा. संमेलनाच्या निधीतून पहिल्या बैठकीचा खर्च करावा.

आणि एक मागणी याच मंडपापुरती. शेवटच्या सत्रात ठराव वाचले जातील आणि टाळ्यांच्या गजरात ते मंजूर करण्याची प्रथा आहे. उद्या टाळ्या थांबवाव्यात. प्रत्येक ठरावानंतर कोणाची हरकत आहे का हे विचारून माईक आधी हरकत घेणाऱ्याच्या हाती द्यावा. उत्तर सापडले नाही तर तो ठराव मंजूर न करता पुढच्या संमेलनाकडे, त्या हरकतीसकट, लेखी पाठवावा.