लष्करांतील विधि-अधिकारी होऊं इच्छिणाऱ्यांस
(आकाशवाणीवरून केलेलें भाषण)



आपल्या परभणी जिल्ह्यांतून सैन्यांत जाणारे तरुण थोडे नाहींत आणि वकिलीची सनद घेणारेहि थोडे नाहींत. परंतु हे दोन रस्ते एके ठिकाणीं येऊन मिळतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मलाहि ती फार उशिरां कळली. ज्या प्रसंगानें कळली, तो आधीं सांगतों.

पुष्कळ वर्षांमागें माझा एक जुना विद्यार्थी सैन्यांतून रजेवर गांवीं आला होता. रजा संपत आली आणि मृगाचा पाऊस पडला. वडील अंथरुणाला खिळलेले. पेरणी करणारें दुसरें कोणी नाहीं. "गुरुजी, आठ दिवस मागाहून गेलों तर चालेल काय?" असें त्यानें मला विचारलें. मीं शाळेच्या हजेरीपटाच्या हिशोबानें उत्तर दिलें, "एक पत्र टाक आणि पेरणी उरकून जा." पेरणी उरकली तों वडिलांचें दुखणें बळावलें आणि आठ दिवसांचे तीन महिने झाले. पुढें एके दिवशीं त्याच्या वडिलांनीं एक इंग्रजी कागद माझ्यापुढें ठेवला. मुलगा बडतर्फ झाला होता. निवृत्तिवेतनास पंधरा वर्षें सेवा लागते. त्याचीं बारा झालीं होतीं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. अक्षरें वाचलीं, अर्थ मात्र पुरता लागला नाहीं. नंतर खटपट करून १९५० चा सैन्य अधिनियम मिळविला. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणें पुरेशा कारणावांचून रजेनंतर बाहेर राहणें हा अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. "पुरेशा कारणावांचून" या दोन शब्दांत त्या मुलाचा सारा बचाव होता. पण रजा वाढवून मागण्याचा अर्ज नाहीं, डॉक्टरचा दाखला नाहीं. तो घे म्हणून सांगणारा कोणी असावयास हवा होता, आणि त्यानें विचारलें होतें तें मला!

सैन्यांतील न्यायालयें चार प्रकारचीं असतात. त्यांपैकीं समरी कोर्टमार्शलमध्यें तुकडीचा कमांडिंग अधिकारी एकटाच न्यायासनावर बसतो. एक वर्षापर्यंत कारावास किंवा बडतर्फी तो देऊं शकतो आणि शिक्षा तत्काळ अमलांत येते. त्या खटल्याचे कागद मागाहून वरिष्ठांकडे जातात. याउलट जनरल कोर्टमार्शलमध्यें निदान पांच अधिकारी बसतात, आणि तेथें जज अ‍ॅडव्होकेट हजर असलाच पाहिजे, असें १२९ वें कलम सांगतें. त्याला मत देण्याचा अधिकार नाहीं. कायदा काय म्हणतो आणि पुरावा कोठवर पोंचतो, एवढें त्यानें निःपक्षपातानें सांगावयाचें. ज्या खात्यांतून हा अधिकारी येतो, तें जज अ‍ॅडव्होकेट जनरलचें खातें होय.

आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवरील लाल किल्ल्यांतील खटला आपणांस आठवत असेल. १९४५ च्या नोव्हेंबरांत तो सुरू झाला. मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई यांनीं बचाव केला. न्यायालयानें तिघांस दोषी ठरवून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. परंतु असा निर्णय वरिष्ठानें कायम करावा लागतो, आणि १९४६ च्या जानेवारींत सरसेनापति ऑकिन्लेक यांनीं ती जन्मठेप माफ केली. वरिष्ठाच्या हातीं येवढी सत्ता असल्यावर त्याच्याजवळ कायदा जाणणारा आणि तो स्पष्ट बोलणारा मनुष्य असणें किती अगत्याचें आहे, हें यावरून ध्यानीं यावें.

आतां तयारीविषयीं. उमेदवार कायद्याचा पदवीधर असावा लागतो. गुण शेंकडा ५५, वय २१ ते २७. अलीकडे क्लॅट-पीजी या परीक्षेचे गुणहि मागतात. नंतर निवड मंडळाची पांच दिवसांची मुलाखत. तींत शरीर, मन आणि चारचौघांत वागण्याची रीत, सर्वच पारखलें जातें. निवड झाल्यास चेन्नईच्या अकादमींत ४९ आठवडे शिक्षण. तेथें वकील म्हणून सवलत नाहीं. इतरांबरोबर धांवावें लागतें. लष्करी कायद्याची संस्था मात्र आपल्याच महाराष्ट्रांत, नागपूरजवळ कामठीस आहे. मुलींनींहि हें मनावर घ्यावें. पूर्वी या खात्यांत पुरुषांच्या जागा अधिक राखीत; ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती वांटणी रद्द ठरविली आणि गुणानुक्रमच प्रमाण मानला.

पुस्तकें कोणतीं वाचावीं? राज्यघटनेचें ३३ वें कलम प्रथम वाचा. सैनिकाच्या मूलभूत हक्कांना संसद किती मर्यादा घालूं शकते, याचें मूळ तेथें आहे. मग सैन्य अधिनियम, १९५४ चे सैन्य नियम आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेला पुराव्याचा नवा कायदा. २००७ च्या कायद्यानें स्थापिलेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे निर्णयहि पाहावे. तेथें सैनिकास दाद मागतां येते. इंग्रजी पक्कें करा, पण मराठी विसरूं नका. खेड्यांतला जवान आपली अडचण कलमाच्या भाषेंत सांगत नाहीं. ती त्याच्या बोलण्यांतून काढून घेणें, हें या अधिकाऱ्याचें अर्धें काम आहे.

ज्यांच्या घरीं सैनिक आहे, त्यांसहि एक विनंति. अडचण आली तर रजा संपण्यापूर्वीं वाढीव रजेचा अर्ज करा, दाखला जोडा, पोंच जपून ठेवा.

माझा तो विद्यार्थी अजून शेती करतो. भेटला कीं पायां पडतो; दोष त्यानें मला कधींच दिला नाहीं. म्हणूनच आज हें बोललों. आपल्यापैकीं एखाद्या घरचा मुलगा वा मुलगी पुढें त्या खुर्चीवर बसली आणि असा एखादा कागद तिच्यापुढें आला, तर तिनें तो पुन्हा एकदां वाचावा.