जीवनसत्त्वाचा वैरी आणि त्याचे जोडीदार

श्रोतेहो, आजच्या विषयाचा एक धागा आपल्या मुंबईतून निघतो. लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली इथे आली, ती गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट हे जीवनसत्त्व. त्याच्याशिवाय पेशीला नवा डीएनए घडवता येत नाही.

बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, मुलांना फोलेटचेच रूप असलेल्या फॉलिक अ‍ॅसिडची संयुगे देऊन पाहिली. रोग आणखी भडकल्यासारखा दिसला. मग जीवनसत्त्व अडवलेच तर? भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूकडून फार्बर यांना अमिनोप्टेरिन हा फोलेटविरोधक मिळाला. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अनुभव मांडला. त्यांतली १० सुधारली, पण सुधारणा टिकली नाही.

इथे थांबून विचार करायला हवा. अमिनोप्टेरिनची जागा घेणारे मेथोट्रेक्सेट फोलेटला कामाला लावणारे विकर अडवते. मात्र काही पेशी ते विकरच जास्त बनवू लागतात, काही औषधाला आत येऊ देत नाहीत. अशा पेशींना गाठायला वेगळ्या ठिकाणी घाव घालणारे औषधच हवे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन आणि प्रेडनिसोन एकत्र दिले गेले. लहान मुलांना इतकी विषे एकदम देणे अनेकांना क्रूर वाटले. मला ते धैर्य वाटते, कारण हा आजार बरा होऊ शकतो, हा विश्वास त्या वाटेवर मिळाला.

प्रतिकारशक्ती आवरतानाही जोडीच कामी येते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात. सायक्लोस्पोरिन त्यांना चिथावणारा संदेश थांबवते, मेथोट्रेक्सेट विभाजनाला लागलेल्या पेशी मारते. सिअ‍ॅटलच्या चमूने १९८६ मध्ये दाखवले, की एकट्या सायक्लोस्पोरिनपेक्षा ही जोडी सरस ठरते. मेथोट्रेक्सेटचे डोस चारच, १, ३, ६ आणि ११ व्या दिवशी. संधिवातात इन्फ्लिक्सिमॅब या औषधाबरोबर मेथोट्रेक्सेट दिले, तर त्या औषधाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे कमी बनवते, म्हणून औषधाचा गुण जास्त काळ टिकतो.

फोलेटचेही दोन अवतार आहेत. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसनंतर ल्युकोव्होरिन हे फोलेट निरोगी पेशींना वाचवते. तेच ५-फ्लुरोयुरॅसिल या कर्करोगावरच्या औषधाबरोबर दिले, तर त्या औषधाचा घाव अधिक खोल करते. म्हणून जीवनसत्त्वाची साधी गोळीही डॉक्टरांना सांगून घ्या.

आणि संधिवाताच्या रुग्णांनो, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच! रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. ताप-खोकल्यासाठी कुणी कोट्रायमोक्सॅझोल लिहून देत असेल, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आधी सांगा. त्यातला ट्रायमेथोप्रिमही फोलेटचाच वैरी आहे, आणि ही जोडी रक्तपेशींचा कारखाना बंद पाडू शकते.