संगणकाला वाचायला शिकवताना

(हीरकमहोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



‘तू नेमके काय काम करतोस, ते पालकांना समजेल असे सांग,’ अशी मुख्याध्यापकबाईंची आज्ञा झाली आहे. माझ्या आईच्या मते मी ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. घरी आजवर तेवढ्यावर निभावले. आज निभावणार नाही.

एखाद्या मोठ्या संस्थेची संगणकव्यवस्था शेकडो सर्व्हरांवर चालते. ते किती असावेत, कोठे असावेत, कोणी कोणाशी बोलावे, हे आता बहुधा कोणी हाताने मांडत बसत नाही. ते एका फाइलीत लिहून ठेवतात आणि ती वाचून एखादे साधन सारी मांडामांड करते. टेराफॉर्म हे अशा साधनांपैकी एक. हॅशिकॉर्प या कंपनीने ते 2014 साली प्रसिद्ध केले. त्याच्या फाइली ज्या भाषेत लिहितात, ती एचसीएल या आद्याक्षरांनी ओळखली जाते. या भाषेत ‘आधी हे कर, मग ते कर’ अशा आज्ञा नसतात. शेवटी काय असावे, याचे वर्णन असते. आचाऱ्याला आपण पंक्तीची यादी देतो, पाककृती नव्हे, तसेच हे.

ते वर्णन वाचणारी लहान लहान साहाय्यक फंक्शने लिहिणे, हा माझा व्यवसाय.

वाचनाचे पहिले अंग म्हणजे आराखडा, ज्याला आम्ही स्कीमा म्हणतो. शाळेच्या प्रवेश-अर्जात कोणते रकाने आवश्यक, कोणते ऐच्छिक, हे ठरलेले असते; स्कीमा तेच सांगतो. यात एक सोय मला विशेष सुंदर वाटते. एखाद्या फंक्शनाला मजकुराचा काही भागच कळत असेल, तर ते तेवढाच भाग उचलते आणि उरलेला जसाच्या तसा पुढच्या वाचकाच्या हाती देते. जे आपल्याला कळत नाही ते चूकच असले पाहिजे, असा आग्रह ते धरीत नाही.

दुसरे अंग अधिक अवघड. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे जे असते, गणिताच्या तासाला आपण जिला पदावली म्हणत होतो, ती वाचायची. परंतु तिची किंमत काढण्यापूर्वी. असे का? समजा, एका सर्व्हरच्या वर्णनात दुसऱ्याचा पत्ता हवा आहे. तो दुसरा तर अजून जन्मालाच आलेला नाही. म्हणून आमचे फंक्शन प्रथम एवढेच विचारते की या पदावलीत कोणाकोणाची नावे आली आहेत? त्या उत्तरांवरून कोणाला आधी उभे करायचे, हा क्रम ठरतो. आपण वाक्यपृथक्करण करीत होतो, तेव्हा वाक्य खरे की खोटे हे कोणी विचारीत नसे. कर्ता कोणता आणि कर्म कोणते, एवढेच विचारीत. (इथे पाणिनीचे नाव घेतले की टाळ्या पडतात. संगणकभाषांचे व्याकरण मांडण्याच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना 1967 साली एका संगणकतज्ज्ञाने केली होती, हे खरे आहे. पण म्हणून माझी फंक्शने अष्टाध्यायीतून निघाली असे मी म्हणणार नाही.)

2019 साली टेराफॉर्मच्या 0.12 या आवृत्तीत भाषेचे वळण बदलले. पूर्वी जी नावे अवतरणचिन्हांत लिहावी लागत, ती आता मोकळी लिहायची होती. पण जगभर जुन्या वळणाच्या फाइली पडून होत्या. त्यांच्यासाठी एक लहानसे फंक्शन लिहिले गेले. अवतरणांतला शब्द दिसला की ते आतले नाव बाहेर काढते, नव्या रीतीने वाचते आणि ‘हे वळण आता जुने झाले’ अशी सूचना देते. काम अडवीत नाही. असेच दुसरे एक फंक्शन चुकलेल्या नावाजवळचे नाव सुचवते. एका शब्दाचा दुसरा शब्द होण्यास किती अक्षरे बदलावी, घालावी वा गाळावी लागतात, हे ते मोजते. ही मोजणी व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने 1965 साली मांडली. अंतर तीनपेक्षा कमी असेल, तरच ते फंक्शन नाव सुचवते. नाहीतर गप्प बसते.

आपल्या लिपीची आठवण करून देणारी गोष्टही यात आहे. चूक दाखवताना ओळ आणि स्थान सांगावे लागते. आता ‘शाळा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, युनिकोडच्या हिशेबाने चार चिन्हांचा आणि यूटीएफ-8 या साठवणीत बारा बाइटांचा. एचसीएल लिहिणाऱ्यांनी स्थान डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांनी मोजायचे ठरवले, आणि बाइटांचा आकडा वेगळा जपून ठेवला. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला या निर्णयाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

आता थोडे माझ्याविषयी. आणि हे सांगणे मला जड जाते.

मी पूर्वी जिथे होतो तिथे याच भाषेवर आमचे एक घरगुती साधन होते. कोणता साठा पुसायचा नाही, हे फाइलीत एका मोकळ्या शब्दाने लिहायचे. तो वाचण्यासाठी मी तयार फंक्शन वापरले. पदावली म्हणजे एक मोकळा शब्द असेल तर ते तो शब्द देते; नसेल तर रिकामे उत्तर देते. तसे त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे. रिकाम्या उत्तराचा अर्थ मी ‘काही सांगितलेले नाही’ असा घेतला. वास्तविक त्याचा अर्थ ‘मला वाचता आले नाही’ असाही होता. एका तरुण सहकारी मुलीने तो शब्द सवयीने अवतरणचिन्हांत लिहिला. रात्रीच्या साफसफाईत तो साठा पुसला गेला. आदल्या रात्रीची प्रत होती. पण त्या एका दिवसात लोकांनी भरलेले अर्ज गेले. त्यांना पुन्हा भरण्याची विनंती करावी लागली.

सकाळच्या बैठकीत सारा दोष त्या दोन अवतरणचिन्हांवर गेला, म्हणजे तिच्यावर. अकरा वाजेपर्यंत मला कळले होते की दोष माझ्या फंक्शनाचा आहे. मी बोललो दुपारी दोन वाजता. मधल्या तीन तासांत ती एकटीच जुन्या फाइली चाळत बसली होती. मी तिला काचेपलीकडून पाहत होतो.

आपल्या मराठीच्या बाई वहीवर नुसती फुली कधी मारीत नसत. चुकलेल्या शब्दाखाली रेघ, आणि समासात चूक कसली ते. एचसीएलमध्ये त्रुटी कळवण्याची रीत जवळजवळ तीच आहे: थोडक्यात मथळा, मग खुलासा, नेमकी जागा आणि भोवतालचा मजकूर. हे सारे हाताशी असून मी वापरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ते फंक्शन दुरुस्त केले. संदेश मी लिहिला होता: ‘अवैध मूल्य.’ तिने तो खोडला आणि नवा लिहिला: ‘हा शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहा. आत्ता तो वाचता आलेला नाही. म्हणून काहीही पुसलेले नाही आणि काम थांबवले आहे.’